नदीकाठच्या गावाची नोंदवही कशी करावी: उदाहरण पवनीचं

गावाचा इतिहास लिहायला बसलं की पहिली ओळ पुराणातून येते आणि दुसरी एखाद्या राजापासून. नदी येते शेवटच्या पानावर, ‘निसर्गरम्य परिसर’ एवढ्या दोन शब्दांत. नदीकाठच्या गावाला हा क्रम चालत नाही. गाव इथेच का बसलं, कोणता मोहल्ला उंचवट्यावर आणि कोणता उतारावर, पुराचं पाणी आधी कुठून शिरतं, तट तीनच बाजूंना का बांधला, या सगळ्याचं उत्तर काठाच्या उंचीत असतं. म्हणून आधी पाणी, मग राजे.

उदाहरण पवनीचं घेतलं आहे. भंडारा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव वैनगंगेच्या उजव्या तीरावर आहे. तीन बाजूंना जुना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला नदी. हीच पद्धत मार्कंड्याला, सिरोंच्याला, कौंडिण्यपूरला किंवा नवेगावबांधच्या तलावाच्या पाळीवर (बांधावर) वापरता येते. नदीच्या जागी तलाव आला तर दोन-तीन गोष्टी बदलतात, त्या पुढे आहेत.

काम दोघांनी सुरू करावं, तिघं असतील तर उत्तम. सुरुवात मार्च-एप्रिलमध्ये करा. पाणी उतरलेलं असतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि तटावरचं रान वाळलेलं असतं. पावसाळ्यानंतर सुरू केलं तर तटावर पाय ठेवायलाही जागा मिळत नाही, आणि सापाची भीती असते ती वेगळीच.

नकाशा

भारतीय सर्वेक्षण विभागाचं १:५०,००० प्रमाणाचं पत्रक घ्या. पवनी जुन्या क्रमांकानुसार ५५ पी/९ या पत्रकात येते. या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. समोच्च रेषांमधलं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं) अंतर किती मीटरचं आहे ते पत्रकाच्या तळाशी छापलेलं असतं, ते आधी पहा. एवढ्या प्रमाणात गावातला चढउतार दिसत नाही, पण नदीचा बाक, नाले आणि टेकड्या कळतात.

दुसरा नकाशा गावाचा, भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातला. त्यावर गट, रस्ते, नाले, तलाव, गावठाण असतं. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून एकच गोष्ट शोधायची: घाट बाकाच्या बाहेरच्या अंगाला आहेत की आतल्या? बाहेरच्या अंगाला धार काठ खाते, त्यामुळे काठ उभा आणि पाणी खोल. आतल्या अंगाला रेती साचते, काठ पसरट होतो आणि उन्हाळ्यात पाणी दूर जातं. डोंगा (छोटी नाव) लावायला, धुणं धुवायला आणि तट बांधायला कोणती जागा सोयीची, हे त्यावरून ठरलेलं असतं.

नावाच्या गोंधळापासून सावध रहा. पवनी एकच नाही. रामटेक तालुक्यात देवलापारच्या बाजूला एक पवनी आहे, राजुऱ्याकडे कोळसा खाणीची आणखी एक. जुन्या इंग्रजी कागदांत तिन्हींचं स्पेलिंग एकसारखं सापडतं. कागदात जिल्हा, परगणा किंवा नदी दिसल्याशिवाय तो आपल्या गावाचा धरू नका.

पुराच्या खुणा: पाण्याच्या नळीने उंची मोजणं

या कामाला वेळ द्या, कारण हे पुन्हा कोणी करत नाही.

ऑगस्ट २०२० च्या शेवटच्या तीन दिवसांत वैनगंगेला मोठा पूर आला. वरच्या अंगाला मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाचे सगळे ३३ दरवाजे उघडले, आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठची गावं पाण्यात गेली. त्या पुराच्या खुणा अजून भिंतींवर सापडतात. रंगरंगोटी झाली की त्या जातील.

खूण घराच्या आत शोधा. बाहेरच्या भिंतीवर लाटांचे आणि वाहनांमुळे उडालेल्या पाण्याचे डाग पडतात, ते हातभर वर असू शकतात. कपाटाच्या मागची भिंत, जिन्याखालची जागा, देवळाचा गाभारा अशा ठिकाणी पाणी स्थिर राहिलेलं असतं आणि गाळाची रेष सरळ उमटते. बोटाने घासून पहा: गाळाची रेष पिठासारखी सुटते, ओलीचा डाग सुटत नाही.

आता उंची. मिस्त्री वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी पुरते: १५ मीटर लांब, आतून ८ ते १० मिलिमीटर. दोन सरळ बांबू किंवा पट्ट्या घेऊन त्यांना मोजपट्टी चिकटवा, शून्य तळाशी. बादली उंचावर ठेवून नळी ओढून भरा, पाण्यात थोडी निळी शाई टाका म्हणजे वाचायला सोपं जातं. भरल्यावर नळीची दोन्ही टोकं शेजारी धरा. दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला नसेल तर आत बुडबुडा आहे. टिचक्या मारत तो बाहेर काढा. बुडबुडा राहिला तर वाचन चार-पाच सेंटिमीटरनेही चुकतं, आणि चुकलंय हे कळतही नाही.

सुरुवातीचा बिंदू हलणारा नको. देवळाच्या जोत्याचा कोपरा किंवा घाटाची सगळ्यात वरची दगडी पायरी घ्या, रस्त्याचा डांबरी काठ नको. रस्ता दर काही वर्षांनी वर चढतो. एक पट्टी या बिंदूवर, दुसरी १० ते १२ मीटरवर पुढे; नळीचं एकेक टोक अंगठ्याने दाबून एकेका पट्टीला लावून धरा. दोन्ही टोकांवरचे अंगठे काढा, पाणी डुलायचं थांबू द्या, मग दोघांनी एकदम वाचा. समजा पहिल्या पट्टीवर १४२ आणि दुसरीवर ११८ आलं, तर दुसरी जागा २४ सेंटिमीटरने उंच. पट्टीवरचा आकडा लहान तिथे जमीन उंच, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दमल्यावर सगळे उलटं लिहितात. मग मागची पट्टी पुढे न्या आणि खुणेपर्यंत असंच चालत जा.

खुणेपाशी पोचलात की काम अर्धंच झालं. दुसऱ्या वाटेने मोजत परत सुरुवातीच्या बिंदूवर या. सगळ्या चढउतारांची बेरीज शून्य यायला हवी. अर्ध्या किलोमीटरच्या फेरीत २ सेंटिमीटरपर्यंत फरक चालतो, त्याहून जास्त आला तर फेरी पुन्हा. नळीचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत पडला असेल तरीही फरक येतो, म्हणून सकाळी ९ च्या आत मोजा.

एका पुराच्या किमान तीन खुणा घ्या. दोन खुणा दहा सेंटिमीटरच्या आत जुळल्या आणि तिसरी फुटभर वर निघाली, तर ती बहुधा दुसऱ्या पुराची, नाहीतर नाल्याच्या फुगवट्याची. इथेच काठच्या गावांची गंमत आहे: पाणी बहुतेकदा घाटावरून चढत नाही. नदी फुगली की गावामागचा नाला उलटा वाहू लागतो आणि पाणी पाठीमागून शिरतं. घाट कोरडा आणि मागचा मोहल्ला गळ्याएवढ्या पाण्यात, असं घडतं ते यामुळे. खुणेजवळ ‘नदीचं पाणी’ की ‘नाल्याचं पाणी’ हे लिहायलाच हवं.

केंद्रीय जल आयोगाच्या मोजपट्ट्या काही घाटांवर आणि पुलांजवळ असतात. त्यांवरचे आकडे समुद्रसपाटीपासूनचे असतात. अशी पट्टी जवळ असेल तर तुमचा बिंदू तिला जोडा, म्हणजे तुमच्या सगळ्या उंची सरकारी आकड्यांशी ताडून पाहता येतील.

एक गोष्ट सुरक्षेची. पवनी गोसीखुर्द धरणाच्या खालच्या बाजूला आहे. गावात ऊन पडलेलं असताना वर दरवाजे उघडले की पाणी चढतं. पावसाळ्यात पात्रात उतरायचं नाही, उन्हाळ्यातही भोंगा ऐकू आला की आधी काठावर यायचं. रेती उपशाचे खड्डे वरून सपाट दिसतात, आत माणूस बुडेल एवढे खोल असतात.

घाट, तट, दगड, वीट

पवनीच्या घाटांची नावं गावाला पाठ आहेत: वैजेश्वर घाट, दिवाण घाट, असे. प्रत्येक घाटाच्या पायऱ्या मोजा, आणि नुसता आकडा लिहू नका. पायरीची उंची आणि रुंदी दहा-दहा पायऱ्यांनी घ्या. मध्येच माप बदललं की तिथे नंतरची दुरुस्ती आहे. दगड बदलला तरी तेच.

दगडाकडे नीट पहा. दख्खनचा काळा बसाल्ट साधारण नागपूर-उमरेडच्या आसपास संपत येतो; त्याच्या पूर्वेला, भंडाऱ्याकडे, पायाखाली त्याहून कितीतरी जुना, रूपांतरित खडक आहे. म्हणून घाटात किंवा देवळात काळा घडीव दगड दिसला की तो कुठून आणला हा प्रश्न वहीत येतो. उत्तर लगेच मिळालं नाही तरी प्रश्न लिहून ठेवा.

तटाच्या कापलेल्या भागात विटा दिसतात. लांबी, रुंदी, जाडी मोजा, वीट काढू नका. प्राचीन विटा आजच्या विटेच्या जवळजवळ दुप्पट, हातभर लांब असतात. सरमिसळ दिसली तर जुन्या विटा नंतरच्या बांधकामात वापरल्याची ती खूण असते. नदीकाठच्या गावात हे फार होतं. पडक्या स्तूपाच्या विटांवर अर्धं गाव उभं राहतं.

कोरीव अक्षरांवर खडू, तेल, चुना काहीही लावायचं नाही. सकाळी सातच्या सुमारास, ऊन भिंतीला घासून पडतं तेव्हा फोटो घ्या. सावलीची जागा असेल तर रात्री टॉर्च एका बाजूने, दगडाला जवळजवळ समांतर धरा; पुसट अक्षरं उठून येतात. फोटोत मोजपट्टी ठेवा. ठसा घेणं पुरातत्त्व खात्याचं काम आहे.

कायदा थोडक्यात: संरक्षित स्मारकाभोवती पहिले १०० मीटर बांधकामबंदीचे, पुढचे २०० मीटर परवानगीचे. नांगरताना किंवा पाया खोदताना नाणी, मूर्ती निघाल्या तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. अशा वस्तूची नेमकी जागा छापील वहीत देऊ नका. दुसऱ्या दिवशी तिथे खड्डे दिसतील.

पवनीत काय सापडलंय, हे नेमकं लिहिण्याची सवय लावा. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून शां. भा. देव आणि जगतपती जोशी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाला. १९९४ मध्ये पुन्हा उत्खनन झालं. शिल्पांत बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचं शिल्प आहे, त्यावर नाव कोरलेलं आहे. एका छायास्तंभावर (स्मारकस्तंभावर) महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचं नाव आहे; ‘महाक्षत्रप’ ही शक राजांची पदवी. इथे गावोगावची पुस्तिका घसरते आणि ‘पवनीवर क्षत्रपांचं राज्य होतं’ असं लिहून मोकळी होते. स्तंभ एवढंच सांगतो की त्या नावाच्या माणसाचं स्मारक इथे उभारलं होतं. तेवढंच लिहा. ‘सम्राट अशोकाने बांधलेला स्तूप’ हे वाक्यही पुराव्याशिवाय नको. स्तूप इसवीसनापूर्वीच्या शतकांतला आहे आणि पुढे वाढवला गेला, एवढं वजन पुरेसं आहे. अशा वस्तू जवळून पाहायच्या असतील तर नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे अजब बंगल्यात जा.

गावातलं पंचमुखी गणपतीचं देऊळ विदर्भातल्या अष्टविनायकांत मोजलं जातं. देवळांसाठी वेगळं पान ठेवा. मूर्तीचं वर्णन पुजाऱ्याला विचारून लिहा, आणि शेंदूर खरवडायला कोणालाही सांगू नका.

कागद

पहिल्यांदा गॅझेटियर: १८७० मध्ये चार्ल्स ग्रँटने संपादित केलेलं मध्य प्रांताचं, आणि १९०८ चं रसेलचं भंडारा जिल्ह्याचं. पवनीच्या तलम, रेशीमकाठी कापडाचा आणि कोष्टी विणकरांचा धागा तिथून पकडता येतो. गॅझेटियर लिहिणारा साहेब होता, त्याला जे सांगितलं ते त्याने लिहिलं, हे विसरू नका.

खरा माल तहसील आणि भूमी अभिलेखच्या अभिलेख कक्षात असतो. बंदोबस्त मिसळ (सारा ठरवतानाचं गावाचं दप्तर) मागा. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागा. हे दोन कागद विदर्भाबाहेरच्या माणसाला माहीत नसतात, आपल्याकडे मात्र महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ मध्ये ते आजही आहेत. गुरं कुठे चारायची, रेती-माती कुठून घ्यायची, तलावाचं पाणी आधी कोणाच्या बांधीत (धानाच्या खाचरात), मासे कोणी धरायचे, या हक्कांची ती नोंद आहे. गावाचा पाण्याशी असलेला व्यवहार याहून नेमका दुसरीकडे लिहिलेला सापडत नाही. अर्जात गावाचं नाव, तालुका, मौजा क्रमांक आणि ‘प्रमाणित नक्कल’ हे शब्द हवेत. ‘गावाचा इतिहास हवा’ असा अर्ज केला तर तो परत येतो.

कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पटकीची साथ किंवा पुराचं वर्ष पकडायला कामाला येतात. एकाच आठवड्यात मृत्यू दाटले की तिथे खूण करा. मोडी कागद असेल तर फोटो काढून जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाजाने वाचू नका. शक असेल तर ७८ मिळवा, विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. वर्षाच्या सुरुवातीच्या-शेवटच्या महिन्यांत एकाचा फरक पडतो.

तलावाच्या गावाला इथे एक वर्ष महत्त्वाचं: १९५०. त्या वर्षीच्या, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या कायद्याने मालगुजारी (सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांची गावावरची मालकी) गेली आणि तलाव सरकारकडे आले. त्याआधी पाळ, तुडुम (पाणी सोडायचं दार) आणि सांडवा कोण दुरुस्त करायचं आणि नंतर कोण, हा एकच प्रश्न घेऊन कागद वाचले तरी तलावाचा निम्मा इतिहास उभा राहतो.

माणसांना विचारणं

‘किती साली?’ हा प्रश्न विचारू नका. उत्तर मिळतं आणि ते चुकीचं असतं. ‘पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं होतं?’, ‘तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?’, ‘गोसीखुर्दचं काम सुरू झालं होतं का?’ असं विचारा. धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. आधी की नंतर, हे इथल्या माणसाला पक्कं आठवतं.

घरात बसून विचारू नका, घाटावर न्या. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या म्हाताऱ्या माणसाला डोहांची नावं विचारा, काठाने चालत, वरून खाली. प्रत्येक डोहाला नाव असतं, आणि नाव असतं म्हणजे तिथे काहीतरी झालेलं असतं किंवा काहीतरी मिळतं. कोणता डोह रेतीने भरला, मरळ आणि वाम हे मासे आता कुठे लागतात, झिंगे कधी कमी झाले, पात्रातल्या टरबूज-काकडीच्या वाड्या कुठवर असायच्या. हे प्रश्न बायकांनाही विचारा. वाड्या आणि मासळीचा बाजार त्यांनीच सांभाळलेला असतो, आणि ओट्यावर बसलेला गडी त्यांच्या वतीने उत्तर देत असतो.

निसर्गाची नोंद

महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या तीन जागी. तारीख बदलली की तुलना गेली.

पाण्याचा गढूळपणा मोजायला २० सेंटिमीटरची गोल पत्र्याची थाळी घ्या, चार भाग करून आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा, खाली वजन बांधा, दोरीला दर १० सेंटिमीटरला गाठ मारा. डोंग्याच्या सावलीच्या बाजूने सोडा. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी लिहा. उन्हाच्या बाजूने सोडली तर चकाकीमुळे आकडा फसतो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येतं, त्यामुळे या आकड्याला इथे वजन आहे. जलपर्णी दिसली तर किती पात्र झाकलं ते पावलांनी मोजा आणि एकाच दगडावरून दरवेळी फोटो घ्या.

पक्ष्यांसाठी ऑक्टोबर ते मार्च, उजाडल्यापासून दोन तास. चक्रवाक आणि इतर बदकं हिवाळ्यात येतात, अडई, पाणकावळा, खंड्या, टिटवी बारमाही. आकडा मोजता आला तर आकडा, नाहीतर ‘पन्नासच्या वर’ असं लिहा. ‘खूप’ हा शब्द वहीत नको. मार्च ते मे रेतीच्या बेटांवर नदी सुरय उघड्यावर अंडी घालतो. अंडी रेतीच्या रंगाची असतात, पायाखाली येतात. बेटावर चढू नका, काठावरून दुर्बीण लावा. या दिवसांत अचानक पाणी सुटलं किंवा रेतीचे ट्रॅक्टर फिरले तर ती तारीख लिहा.

तलाव असेल तर देवधान (रानटी धान), कमळ आणि बेशरम (पाण्याकाठचं झुडूप) यांची हद्द नकाशावर दरवर्षी काढा. बेशरम पाळीकडून आत सरकतो. धान कापून झाल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, हद्द स्पष्ट दिसते.

जैविक विविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेकडे लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. मागून पहा. समुद्रातला मासा आपल्या तलावात लिहिलेला दिसला तर ती दुसऱ्या गावाची यादी उतरवलेली आहे, तिच्यावर विसंबू नका.

वही लिहिताना

प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक अक्षर: ‘पा’ म्हणजे स्वतः पाहिलेलं किंवा मोजलेलं, ‘वा’ म्हणजे कागदात वाचलेलं, ‘ऐ’ म्हणजे ऐकलेलं. सोबत तारीख. ऐकलेल्या नोंदीत सांगणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीनेच द्या, नाहीतर मोहल्ला आणि अंदाजे वय पुरे. दोन माणसांनी वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, मधलं काढू नका. आख्यायिका गाळू नका, पण ‘ऐ’ शिवाय लिहू नका. वैजेश्वराची कथा आणि तटाचं माप एकाच परिच्छेदात आलं की वाचणारा दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो.

पेन्सिल किंवा न पुसणारी शाई वापरा. जेल पेनने लिहिलेली वही एकदा ओली झाली की संपली, आणि ही वही घाटावरच फिरणार आहे. सुरुवातीच्या बिंदूचा फोटो आणि त्याच्यापासून दोन पक्क्या कोपऱ्यांची अंतरं पहिल्या पानावर चिकटवा. दरवर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, पूर उतरल्यावर आणि भिंती धुण्याआधी, नळी घेऊन तिथूनच पुन्हा निघा.